काळी १९८७ ब्युइक ग्रँड नॅशनल: घ्यावी की लांबूनच बघावी?

लाल_माती
३ मे, रात्री १०:२०

मंडळी, गेले पंधरा दिवस डोक्यात एकच विषय आहे, म्हणून शेवटी इथे धागा काढतोय.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. सध्या मिशिगनमध्ये नोव्हायला असतो. घरापासून तासाभराच्या अंतरावर एका वयस्कर गृहस्थांनी १९८७ची ब्युइक ग्रँड नॅशनल विकायला काढली आहे. फोटोत तरी गाडी सरळ दिसते. मालक एकच, नवी घेतल्यापासूनचा.

ही गाडी मी पहिल्यांदा पाहिली २००४च्या ऑगस्टमध्ये, वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटजवळ निघणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला. अमेरिकेत येऊन वर्षही झालं नव्हतं. रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून लोक बसलेले, समोरून पिवळ्या, केशरी, निळ्या मस्टँग आणि कॅमेरो छाती दडपेल अशा आवाजात जात होत्या. त्यात एक चौकोनी काळी गाडी आली. रंगीत पट्टे नाहीत, चकचकाट नाही, आवाजही बेताचा. सिग्नलला आमच्यासमोर थांबली. दिवा हिरवा झाला आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ जशी सूंऽऽ करत चढत जाते, तसा एक आवाज आला. मागचा भाग खाली बसला, नाक वर झालं, आणि गाडी दिसेनाशी झाली. शेजारी बसलेल्या आजोबांना विचारलं तेव्हा नाव कळलं. तो आवाज अजून कानात आहे.

आता पैसे साठले आहेत, गॅरेजमध्ये जागा आहे, घरच्यांची परवानगीही आहे. मला ऑइल आणि ब्रेक पॅड बदलता येतात, त्यापलीकडचं काम केलेलं नाही. अशा माणसाने ही गाडी घ्यावी का? काय बिघडतं, काय सहन करावं लागतं? ज्यांनी वापरली आहे त्यांनी मोकळेपणाने सांगा.


कट्टा_पार्ला
३ मे, रात्री ११:०५

वर्णन वाचूनच बघावीशी वाटली. दोन शंका. एक, मसल कार म्हटलं की मोठं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, असं मी समजत होतो. हिला तर व्ही-६ आहे, मग ही त्या पंगतीत कशी? दोन, अशी गाडी पुढेमागे भारतात आणता येईल का?


जुनी_वही
४ मे, सकाळी ७:४०

दुसऱ्या शंकेचं उत्तर छोटं आहे: नाही. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. व्हिंटेज गाड्यांसाठी जी सवलत आहे, तिच्यात बसायला १९८७ची गाडी फार तरुण आहे.

पहिली शंका मात्र रास्त आहे, आणि तिचं उत्तर म्हणजेच या गाडीची कहाणी.

जनरल मोटर्सच्या ब्युइकने हे व्ही-६ इंजिन १९६२ साली ‘स्पेशल’ या गाडीत आणलं. अमेरिकी कारसाठी मोठ्या संख्येने बनलेलं हे पहिलं व्ही-६. कंपनीकडे तेव्हा ॲल्युमिनियमचं एक छोटं व्ही-८ होतं. त्याच्याच आराखड्यावरून काढलेलं, पण बिडाचं आणि स्वस्तातलं असं हे इंजिन. साठच्या दशकात पेट्रोलला कोण विचारत होतं? सहा सिलिंडरला गिऱ्हाईक कमी. १९६७ मध्ये ब्युइकने इंजिनाची सगळी यंत्रसामग्री कैसर-जीपला विकून टाकली. पुढे जीप अमेरिकन मोटर्सकडे गेली. मग १९७३चं तेलसंकट आलं, आणि १९७४ मध्ये जनरल मोटर्सने तीच यंत्रसामग्री परत विकत घेतली. सुगीत विकलेली गाय दुष्काळात परत गोठ्यात आणावी तसं झालं.

इंजिन आलं, पण त्यात जोर कुठून आणायचा? धुराचे नियम कडक झाले होते, मोठी व्ही-८ इंजिनं एकामागून एक मवाळ होत चालली होती. ब्युइकच्या इंजिनिअरांनी टर्बोची वाट धरली. एक्झॉस्टमधून वाया जाणारा वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा, तिच्या जोडीला जास्त पेट्रोल, म्हणजे जास्त ताकद. आणि पायाखालचा दाब काढला की इंजिन परत छोटं आणि काटकसरी. जनरल मोटर्सने १९६२ मध्येही हे करून पाहिलं होतं, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्व्हेअरमध्ये. जेटफायरमध्ये नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी भडकणं, होऊ नये म्हणून मिथेनॉल मिसळलेलं पाणी वेगळ्या टाकीत भरावं लागायचं. लोक ते भरायचे विसरत, आणि तो प्रयोग लवकरच गुंडाळला गेला. ब्युइकने मात्र विषय सोडला नाही. १९७६ मध्ये इंडियानापोलिस ५०० शर्यतीची पेस कार, म्हणजे सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे धावणारी गाडी, टर्बो व्ही-६ होती, आणि १९७८ मध्ये रीगल मॉडेलमध्ये टर्बो सर्वांसाठी विक्रीला आला.

नाव आलं अमेरिकेतल्या नॅसकार मोटारशर्यतींवरून. त्या शर्यतींच्या मालिकेचं नाव तेव्हा विन्स्टन कप ग्रँड नॅशनल. १९८१ आणि १९८२, दोन्ही वर्षी उत्पादकांचं अजिंक्यपद ब्युइकने मिळवलं, आणि डॅरेल वॉल्ट्रिप रीगल चालवूनच दोन्ही वर्षी विजेता ठरला. त्या आनंदात रीगलचीच खास आवृत्ती म्हणून १९८२ची पहिली ग्रँड नॅशनल निघाली. ती रुपेरी-करड्या रंगाची होती आणि बहुतेकींना टर्बोही नव्हता, ४.१ लिटरचं साधं १२५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. १९८३ मध्ये काहीच नाही. १९८४ मध्ये ती परत आली ती नखशिखांत काळी होऊन: ३.८ लिटर, टर्बो, प्रत्येक सिलिंडरला क्रमाने पेट्रोल देणारं इंजेक्शन, डिस्ट्रिब्युटर नसलेलं इग्निशन. २०० अश्वशक्ती. १९८६ मध्ये इंटरकूलर आला, म्हणजे टर्बोत दाबून तापलेली हवा इंजिनात शिरण्याआधी थंड करायची सोय. २३५ झाली. १९८७ मध्ये २४५.

आता हे पाहा: १९८७च्या कॉर्व्हेटचं ५.७ लिटरचं व्ही-८ तेव्हा २४० अश्वशक्तीचं होतं. ब्युइक म्हणजे डॉक्टरांची, निवृत्त माणसांची शांत गाडी, असा लौकिक. त्या घरातून निघालेल्या दोन दारांच्या कौटुंबिक गाडीने जनरल मोटर्सच्या सगळ्यात मानाच्या स्पोर्ट्स कारला आकड्यात मागे टाकलं. मधल्या आकाराची, मागच्या चाकांवर धावणारी, साध्या अंगाची आणि भलत्या ताकदीची गाडी, हीच मसल कारची मूळ व्याख्या. सिलिंडर किती, हा त्या व्याख्येचा भाग कधीच नव्हता, असं माझं ठाम मत आहे.


ग्रीसचे_हात
४ मे, रात्री ९:१५

लाल_माती, भावा, मी ओहायोत असतो. १९८६ची ग्रँड नॅशनल १९९८ पासून माझ्याकडे आहे. मूळ गाव कोल्हापूर, वडिलांचं वेल्डिंगचं दुकान होतं, त्यामुळे हाताला सवय आहे. सविस्तर लिहितो, सावकाश वाच.

आधी सुख सांगतो. या गाडीला फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, चार गतींचा. मॅन्युअल निघालीच नाही. बऱ्याच जणांना हा दोष वाटतो, मला वाटत नाही. डाव्या पायाने ब्रेक घट्ट दाबून धरायचा, उजव्याने हलकेच रेस द्यायची. डॅशबोर्डवर बूस्टच्या, म्हणजे टर्बोच्या दाबाच्या, दिव्यांची पट्टी आहे, ती एकेक करून उजळायला लागते. गाडी जागच्या जागी थरथरते, मागचं अंग दबतं. तेवढ्यात ब्रेक सोडायचा. पुढचं काय होतं ते शब्दात पकडता येत नाही रे. व्ही-८ गाडी पहिल्या क्षणी धक्का देते आणि मग त्याच जोरात ओढत राहते. ही आधी विचार करते आणि मग एकदम पाठीत हात घालून ढकलते. ३५५ पौंड-फूट टॉर्क आहे तुझ्या मॉडेलला. साधारण सोळाशे किलोची गाडी, पाव मैल चौदा सेकंदांच्या आसपास. आजच्या आकड्यांशी तुलना करू नकोस. १९८७ मध्ये लोकांच्या दारात काय उभं होतं ते आठव.

आता दुःख.

पहिलं, ब्रेक. साध्या गाडीत ब्रेकला जोर मिळतो इंजिनाच्या व्हॅक्यूममधून. टर्बो गाडीत बूस्ट चढला की मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम उरत नाही, उलट दाब तयार होतो. म्हणून कंपनीने पॉवरमास्टर नावाची विजेची पंप-यंत्रणा बसवली. मास्टर सिलिंडरला खाली एक पंप आणि काळा गोळा लटकलेला दिसेल, त्या गोळ्यात दाब साठवलेला असतो. चांगली असेल तर झकास चालते. गेली की पेडल दगडासारखं कडक होतं, आणि जातानाही ती फारशी सूचना देत नाही. जुन्या गाडीत ही यंत्रणा कधी बदलली याची पावती नसेल तर पहिलं काम तेच. बरेच लोक ती काढून साधा व्हॅक्यूम बूस्टर किंवा स्टिअरिंग पंपावर चालणारा बूस्टर बसवतात. मागे अजून ड्रम ब्रेक आहेत हेही लक्षात ठेव. जितक्या जोरात ही गाडी सुटते तितक्या जोरात ती थांबत नाही. हा माझ्या मते हिचा सर्वांत मोठा दोष.

दुसरं, नॉकिंग. दाबलेली हवा, वरून गरमी आणि हलकं पेट्रोल, एवढं जमलं की ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. खिशात खडे हलवावेत तसा आवाज येतो. तोही नेहमी ऐकू येत नाही. गाडीत नॉक सेन्सर आहे, तो ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, पण त्याच्यावर सगळा भार टाकायचा नाही. हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर हेडखालची सील, उडतं ते यातूनच. आमच्याकडे ९३ ऑक्टेन मिळतं, तेच भर, दुसरं नाही. जुन्या मालकाने कॉम्प्युटरची चिप बदलली आहे का ते विचार. नव्वदच्या दशकात दर दुसऱ्या गाडीत कुणीतरी जास्त बूस्टची चिप घातली होती. रेसच्या पेट्रोलसाठी लिहिलेली चिप आणि पंपावरचं पेट्रोल, ही जोडी इंजिन खाते. मी पहिल्याच उन्हाळ्यात असंच गॅस्केट उडवलं. तीन रविवार गॅरेजमध्ये गेले. सिलिंडर हेड उचललं तेव्हा गॅस्केटची कड दोन सिलिंडरच्या मधोमध नखाएवढी जळून गेलेली होती. तो तुकडा अजून टूलबॉक्सच्या वरच्या खणात ठेवलाय.

तिसरं, ऑइल. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, जुन्या पद्धतीचा आहे, सपाट टॅपेटवाला. आताच्या ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरस कमी केलेलं असतं, त्यात कॅमचे उंचवटे झिजतात. जस्त जास्त असलेलं ऑइल शोधून घाल. कॅमच्या गिअरच्या दातांवर नायलॉन आहे, गाडी मूळची तशीच असेल तर ते दात एव्हाना ठिसूळ झाले असणार. टायमिंग सेट बदलूनच टाक.

चौथं, गंज आणि प्लास्टिक. बंपर आणि बॉडीच्या मधल्या प्लास्टिकच्या पट्ट्या हाताने दाबल्या तर बिस्किटासारख्या मोडतात. छताचं कापड लोंबतं. काढता येणाऱ्या काचांचं छत असेल तर पावसात मांडीवर पाणी. हे सगळं किरकोळ आहे. किरकोळ नाही ती चॅसी. गाडी फ्रेमवर बसवलेली आहे, फ्रेम आणि बॉडीच्या मधली रबरं कुजतात, आणि मागच्या चाकांच्या मागे फ्रेम आतून गंजते. मिशिगनचं मीठ तुला मी काय सांगावं. स्क्रूड्रायव्हर घेऊन जा, खाली आडवा हो आणि टोचून बघ.

वळणावर ही गाडी कमरेत वाकते. चौकोनी सोफा वळवावा तसं वाटतं. आत बसल्यावर साधं करडं-काळं कापड, आणि स्पीडोमीटर फक्त ८५ मैलांपर्यंत. सुई संपते, गाडी संपत नाही.

तरीही सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली, मी ती सोडलेली नाही. घ्यायची असेल तर त्या इंजिनासाठी घे.


सासवडकर
५ मे, सकाळी ८:३०

गाडी बघितलेली नाही, पण टर्बोवर आयुष्य गेलं म्हणून लिहितो. आमचं सासवडला ट्रक आणि जीपचं गॅरेज आहे, डिझेलचं काम.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि तो तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. घाट चढून आलेल्या ड्रायव्हरने थांबल्या थांबल्या चावी काढली की ऑइलचा पंप बंद, दांडा मात्र अजून फिरतोय आणि तापलेला. आत उरलेलं ऑइल जळून कोळसा होतो. असे कितीतरी टर्बो मी उघडलेत, ऑइल येण्याची नळी काजळीने निम्मी भरलेली. म्हणून आमच्याकडे जुने ड्रायव्हर ढाब्यावर थांबले की गाडी दोन-तीन मिनिटं तशीच चालू ठेवतात, तोवर चहा सांगून येतात. तुमच्या गाडीत टर्बो थंड करायला फक्त ऑइलच असेल तर हा नियम दुप्पट पाळा. सुरू केल्यावरसुद्धा ऑइल वर चढेपर्यंत रेस देऊ नका.

बघायला जाल तेव्हा हवेचा पाइप सोडवून चक्राच्या टोकाला बोट लावा. बोटाने किंचित इकडेतिकडे हलणं चालतं, ऑइल नसताना तेवढा खेळ असतो. आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती घराला घासत असतील तर टर्बो गेला समजा. पाइपमध्ये ऑइल साचलेलं असेल तरी तेच.


ग्रीसचे_हात
५ मे, संध्याकाळी ६:५०

काका, बरोबर. या गाडीचा टर्बो फक्त ऑइलवरच थंड होतो. तुमचा नियम मी शब्दशः पाळतो.


अबोली
५ मे, रात्री १०:१०

मी थोडं वेगळं लिहिणार आहे. मला ही गाडी आवडते, तरी मी ती विकली.

आम्ही सॅक्रामेंटोला राहतो. २०११ मध्ये मी १९८७ची टी-टाइप घेतली. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, फक्त काळी नाही आणि ग्रँड नॅशनल हा बिल्ला नाही. गाडी माझी होती, चालवायचेही मीच. चार वर्षं ठेवली.

ब्रेकचं वर आलंय ते मी अनुभवलंय. मुलाला शाळेतून आणताना उतारावरच्या चौकात पेडल कडक झालं. दोन्ही पायांनी दाबलं, गाडी थांबली, पण पुढच्या गाडीच्या बंपरपासून हातभर अंतरावर. मुलगा मागच्या सीटवर काहीतरी गुणगुणत होता, त्याला काही कळलंही नाही. आदल्याच महिन्यात एका दुरुस्तीवाल्याने ती यंत्रणा तपासून ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. त्याने फक्त ब्रेकचं तेल भरलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवसानंतर मुलाला त्या गाडीत बसवलं नाही, आणि ज्या गाडीत मुलाला बसवता येत नाही ती माझ्या घरात किती दिवस राहणार?

कॅलिफोर्नियात आणखी एक अडचण. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे, १९८७ला नाही. दर दोन वर्षांनी तपासणी. आधीच्या कुणी एक्झॉस्ट किंवा चिप बदललेली असली की तिथे अडतं. शिवाय आमच्याकडे पंपावर जास्तीत जास्त ९१ ऑक्टेन मिळतं, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. अशा दिवसांत मी तिच्यावर कधीच पूर्ण पाय दिला नाही. म्हणजे जिच्यासाठी गाडी घेतली तीच गोष्ट वर्षातले तीन महिने वापरायची नाही.

मिशिगनमध्ये तुम्हाला यातल्या निम्म्या अडचणी नसतील. हवा थंड, पेट्रोल चांगलं. पण ही एकुलती एक गाडी म्हणून घेऊ नका आणि रोजची म्हणून तर नाहीच. आणि ब्रेक आधी, बाकी सगळं नंतर.

विकताना रडले, हेही सांगते. नोव्हेंबरातल्या गार सकाळी महामार्गाच्या चढणीवर ती जशी धावायची, तशी त्यानंतर माझ्याकडे आलेली एकही गाडी धावली नाही.


लाल_माती
६ मे, रात्री ९:३०

अबोलीताई, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. ब्रेकचं काम झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर येणार नाही, हे आमचं ठरलं.

शनिवारी बघायला जातोय. नकली गाड्या पुष्कळ आहेत असं ऐकतो. साध्या रीगलला काळा रंग देऊन बिल्ले लावले तर माझ्यासारख्याला कसं कळणार?


ग्रीसचे_हात
६ मे, रात्री १०:४५

कळतं. चॅसी नंबर, म्हणजे इथला व्हिन, ड्रायव्हरच्या बाजूला पुढच्या काचेतून दिसतो. सतरा अंकांतला आठवा बघ. १९८६ आणि १९८७च्या टर्बो गाडीत तिथे ७ असतो, १९८४-८५ मध्ये ९. याने इंजिन खरं टर्बोचं होतं एवढं कळतं. ग्रँड नॅशनलच आहे का, यासाठी डिकीचं झाकण उघड. आतल्या बाजूला कारखान्याने चिकटवलेला कागद असतो, त्यावर गाडीत घातलेल्या सगळ्या गोष्टींचे तीन-तीन अक्षरांचे कोड असतात. त्यात ‘डब्ल्यू-ई-२’ शोध. तो असेल तर खरी. इंजिनाचा कोड ‘एल-सी-२’ तोही तिथेच दिसेल. कागद फाटला असेल तर शंका घे, पण लगेच नकली ठरवू नकोस, पस्तीस-चाळीस वर्षांत कागद टिकत नाहीत.

ब्रेकची परीक्षा घरबसल्या होते. इंजिन बंद ठेव, पाच-दहा वेळा पेडल जोरात दाबून दाब संपव, मग चावी फक्त एक टप्पा फिरव. पंप गुरगुरायला लागेल आणि काही सेकंदांत थांबेल. थांबतच नसेल, किंवा नंतर प्रत्येक वेळी पेडल दाबल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर त्या गोळ्यात राम उरलेला नाही.


कट्टा_पार्ला
७ मे, दुपारी १:१५

आणि ती जीएनएक्स म्हणून जी असते ती हीच का? तिच्या किमती वाचून थक्क झालो.


जुनी_वही
७ मे, दुपारी ४:००

तीच, पण शेवटची आणि वेगळी काढलेली. १९८८ पासून रीगल पुढच्या चाकांवर चालणारी होणार, हे ठरलं होतं. जायच्या आधी ब्युइकने एकदा मनासारखं करून घेतलं. १९८७च्या ५४७ गाड्या एएससी आणि मॅकलॅरन या गाड्या सुधारून देणाऱ्या कंपन्यांकडे पाठवल्या. टर्बोचं चक्र सिरॅमिकचं केलं, इंटरकूलर बदलला, मागच्या ॲक्सलला पुढे बांधून ठेवणारा लांब दांडा घातला, १६ इंची चाकं, पुढच्या फेंडरवर हवेच्या झडपा, आणि दिव्यांच्या पट्टीऐवजी काटे असलेली खरी मीटरं. कागदावर २७६ अश्वशक्ती, आणि तो आकडा कमी सांगितलेला आहे असंच तिच्यावर काम करणारे मानतात. किंमत तेव्हा २९,९०० डॉलर. ‘कार अँड ड्रायव्हर’ने तिला ताशी ६० मैलांवर ४.७ सेकंदांत पोचवलं. आज ती सहा आकडी डॉलरमध्ये जाते आणि बहुतेक मालक ती चालवतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

साधी ग्रँड नॅशनल १९८७ मध्ये २०,१९३ बनल्या. मागणीच इतकी होती की मिशिगनमधल्या पाँटियाकच्या कारखान्यात डिसेंबर १९८७ पर्यंत त्या निघत राहिल्या. लाल_माती, तुमच्या घरापासून ते गाव अर्ध्या-पाऊण तासावर असेल. इंजिन मात्र संपलं नाही. १९८९ मध्ये तेच इंजिन पाँटियाकच्या टर्बो ट्रान्स ॲममध्ये गेलं, १,५५५ गाड्यांत.


लाल_माती
१० मे, रात्री ११:३०

जाऊन आलो.

गृहस्थ ऐंशीच्या जवळपासचे. फ्लिंटला गाड्यांच्याच कामात उमेदीची वर्षं गेली. गाडी मागच्या शेडमध्ये, वर जुनी रजई. त्यांनी ती रजई दोन्ही हातांनी अशी घडी करत काढली की मी नकळत दोन पावलं मागे सरकलो.

डिकीतला कागद शाबूत होता. डब्ल्यू-ई-२ दिसलं. आठवा अंक ७. सासवडकरकाकांनी सांगितलं तसं पाइप सोडवून चक्राला बोट लावलं. चक्र स्वच्छ, आत-बाहेर अजिबात सरकत नव्हतं. ब्रेकचा पंप मात्र थांबेचना. ते म्हणाले, हो, तो गोळा दोन वर्षांपासून बदलायचा आहे, म्हणून मी फक्त गल्लीत फिरवतो.

मग त्यांनी गाडी सुरू केली. दोन मिनिटं नुसती चालू ठेवली, एक शब्द न बोलता. आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, तेच चालवत होते. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी क्षणभर पाय दिला. तोच आवाज. वीस वर्षांनी, आणि या वेळी आतून. मला बोलायला सुचलं नाही. परत आल्यावर त्यांनी पुन्हा दोन मिनिटं इंजिन चालू ठेवलं, आणि मला सासवडचा ढाबा आठवला.

मग खाली आडवा झालो. उजव्या मागच्या चाकाच्या मागे फ्रेमवर काळा रंग नवा वाटत होता. टोचलं. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओली तांबडी भुकटी, आमच्या गावच्या मातीसारखी. डाव्या बाजूलाही तेच, जरा कमी. त्यांना दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत होते. रंग त्यांनी दिलेला नव्हता. मागे एकदा खालून ‘संरक्षक थर’ मारून घेण्यासाठी त्यांनी गाडी कुणाकडे तरी दिली होती, पैसेही भरपूर मोजले होते. त्या माणसाने गंजावरच रंग फासला.

फ्रेम बदलणं किंवा कापून जोडणं मला जमणारं नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, मीही तुझ्या जागी घेतली नसती. वाईट दोघांनाही वाटलं.


ग्रीसचे_हात
११ मे, सकाळी ६:३०

योग्य केलंस. त्या आजोबांना सांग, फ्रेमचं काम करणारा एक चांगला माणूस माझ्या ओळखीत आहे, गाडी वाचेल. नंबर तुला निरोपातून पाठवतो.


अबोली
११ मे, सकाळी ९:००

त्या रंग फासणाऱ्याचा फार राग आला. आजोबांना ही गाडी चालू अवस्थेत बघायला मिळो.


लाल_माती
१४ मे, रात्री ८:१५

आजोबांना फोन करून फ्रेमवाल्याचा नंबर दिला. ते गाडी विकायची थांबवताहेत, आधी दुरुस्त करणार म्हणाले.

बोलता बोलता त्यांनी विचारलं, काळीच हवी का? त्यांच्या एका जुन्या मित्राकडे १९८७ची पांढरी टी-टाइप आहे. दर ऑक्टोबरमध्ये आच्छादून ठेवलेली, मीठ कधी पाहिलेलं नाही, ब्रेकची यंत्रणा मागच्या वर्षी बदललेली आणि तिची पावती आहे. अबोलीताई, तुमची आठवण झाली. रात्रभर विचार केला. २००४ मध्ये त्या सिग्नलवर मी डोळे मिटून उभा असतो तरी तो आवाज ऐकून मागे वळलोच असतो.

येत्या शनिवारी सकाळी दहाला जायचं ठरलं आहे. आजोबा स्वतः बरोबर येणार आहेत. टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर आत्ताच गाडीत ठेवून आलो.